दोन्ही हात, पूर्ण पसरून

चार टनांची टाकी हवेत लटकत होती आणि अख्खा शॉप हसत होता.

टाकी म्हणजे पाण्याची नव्हे, ट्रान्सफॉर्मरची. ट्रान्सफॉर्मरच्या आतला सगळा संसार आणि तेल ज्या लोखंडी पेटीत बसतं, ती पेटी. भोपाळमध्ये गोविंदपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात आम्ही या टाक्या बनवतो. एखादी छोटी खोली उचलून न्यावी तशी ती क्रेनला लटकून शॉपच्या, म्हणजे आमच्या कामाच्या शेडच्या, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, पेंटिंगकडे चालली होती. मध्येच थांबली. थांबवली होती अकरावीतल्या एका मुलीने.

ती मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. पल्लवी वानखेडे. डोक्यावर व्हिजिटरचं पांढरं हेल्मेट, तिला जरा मोठंच होणारं. हात अजून बाजूला धरलेले.

"काकू, तिकडे माणूस आहे," ती म्हणाली. "टाकीच्या मागे. हेल्मेट दिसलं मला."

आमचे सिग्नलमन जगदीश भैया टाकीला वळसा घालून मागे गेले. सिग्नलमन म्हणजे क्रेनवाल्याला खालून हाताच्या खुणांनी वाट दाखवणारा माणूस. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पिवळं हेल्मेट होतं. नुसतं हेल्मेट. कुणीतरी ते गॅस कटिंगच्या सिलिंडरवर अडकवून चहाला निघून गेला होता.

"ये रहा आपका आदमी!" म्हणत त्यांनी ते उंच धरून सगळ्यांना दाखवलं.

मग काय विचारता! वेल्डर हसले, ग्राइंडरवाले हसले, पल्लवीच्या वर्गातल्या मुलीही हसल्या. ग्राहकाकडून टाकी तपासायला आलेला इन्स्पेक्टर होता, तोही मिशीत हसला. पल्लवीचे हात खाली आले आणि तसेच पाठीमागे गेले. तिथे तिने ते एकमेकांत गच्च धरले. तासाभराने मुली बसमध्ये बसल्या तेव्हाही ते तसेच पाठीमागे होते.

मी या कारखान्यातली सेफ्टी ऑफिसर. माहेर नागपूरचं. नवरा पिपलानीच्या मोठ्या कारखान्यात नोकरीला, म्हणून लग्नानंतर भोपाळला आले आणि इथलीच झाले. माझी नोकरी लोकांना फारशी आवडत नाही. मी दिसले की लोक हेल्मेटचा पट्टा लावतात आणि मी गेले की काढतात. चिडले की माझी नागपुरी बाहेर येते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. कारखान्यात बोलणं सगळं हिंदीत चालतं, पण इथे बरंचसं मराठीत सांगते.

जवळच्या सरकारी शाळेतल्या मुलींसाठी कंपनीने मेंटरशिपचा कार्यक्रम सुरू केला होता. दर शनिवारी मुली यायच्या. पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहून काम बघायचं, काम करणाऱ्या बायकांशी बोलायचं, प्रश्न विचारायचे. पहिल्या दिवशी एका मोठ्या अधिकारी बाईंचं भाषण ठेवलं होतं. रोल मॉडेल म्हणून. बाई छान बोलल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या. "एनी क्वेश्चन्स?" म्हटल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. नंतर बसकडे जाताना पल्लवी मला म्हणाली, "काकू, त्या मॅडम तर पहिल्यापासूनच तशा असतील ना? मतलब, लहानपणापासून?"

ती मला काकू म्हणते, कारण वानखेड्यांचं क्वार्टर आमच्या मागच्याच गल्लीत आहे. तिचे वडील टेक्निशियन. पोरगी हुशार, पण आवाज असा की समोरच्याला दोनदा "काय?" म्हणावं लागतं. तिसऱ्यांदा विचारलं की ती "काही नाही" म्हणते. घरी शेंडेफळ, शाळेत शेवटचा बाक. मी ठरवलं होतं, या पोरीची मेंटर मी होणार.

भाषणानंतरच्या शनिवारी मी मुलींना क्रेन दाखवली. छताखाली दोन रुळांवर धावणारी मोठी क्रेन. वर एक काचेची केबिन आणि केबिनमध्ये आमची शबनम. आयटीआय करून आली, आधी हेल्पर होती, आता ऑपरेटर. मुलींनी तिला बघितलं आणि त्यांच्या माना वर गेल्या त्या खाली येईनात. भाषणाच्या वेळी असं झालं नव्हतं. शबनम कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. वरून नुसता हात हलवला होता.

मी त्यांना क्रेनचे दोन नियम सांगितले. पहिला नियम, क्रेनवाली फक्त सिग्नलमनचं ऐकते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळं त्याच्या हाताने. मॅनेजर आला तरी त्याचं ऐकायचं नाही. दुसरा नियम, एक खूण मात्र कुणीही केली तरी क्रेन थांबवायची. ती खूण म्हणजे तातडीचं थांब. झाडूवाल्याने केली तरी थांबायचं, पाहुण्याने केली तरी थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही. आधी थांबायचं, मग बघायचं.

खूण सोपी आहे. दोन्ही हात खांद्याच्या उंचीला बाजूला पसरायचे, तळवे जमिनीकडे, आणि हात आत-बाहेर हलवायचे. मी करून दाखवली आणि मुलींना करायला सांगितली.

सगळ्याच मुलींनी कोपरं बरगड्यांना चिकटवून केली! नुसते पंजे बाहेर. मी म्हटलं, "अगं, हात पसरा." त्या हसल्या, एकमेकींकडे बघितलं, ओढण्या सारख्या केल्या आणि पुन्हा तेच. बसमध्ये, बाकावर, रस्त्यात, सगळीकडे अंग चोरून बसायची सवय. एका दिवसात कुठे जाणार? मी तो विषय तिथेच सोडला.

आणि पुढच्याच शनिवारी, कोपरं चिकटवलेल्या त्याच अर्धवट खुणेने पल्लवीने चार टनांची टाकी थांबवली. शबनमने ती खूण वरून टिपली आणि लिव्हर सोडला. एक शब्द विचारला नाही.

मुली गेल्या आणि मला दुबे साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दुबे साहेब आमचे प्लांट हेड.

"गावंडे मॅडम, हा कारखाना आहे की पिकनिक स्पॉट?"

"कारखाना आहे, सर."

"एका शाळकरी पोरीने हातवारे केले आणि लोड थांबला? शबनमला डोकं नाही?"

"डोकं आहे म्हणून तर थांबवला."

"इन्स्पेक्टरसमोर आपलं हसं झालं."

"त्यांनाही हा नियम माहीत असणार, सर. विचारून बघा."

"नियम मला शिकवू नका. तो कामगारांसाठी आहे. उद्या पंचवीस पोरी येतील आणि पंचवीस वेळा क्रेन थांबवतील. मग टाक्या तुम्ही पाठीवरून नेणार का?"

दुबे साहेब वाईट माणूस नाहीत, हे सांगायला हवं. हा कार्यक्रम सुरू करायला हेड ऑफिसशी तेच भांडले होते. पण डिलिव्हरी डोक्यावर होती, इन्स्पेक्टर समोर होता आणि खाली जगदीश भैया तोंड फुगवून बसले होते. साहेबांना प्रकरण मिटवायचं होतं. त्यांनी मिटवायचा मार्गही काढून ठेवला होता.

"पुढच्या शनिवारी त्या मुलीने सगळ्यांसमोर जगदीशला सॉरी म्हणायचं. दोन शब्द. विषय संपला. नाहीतर हा कार्यक्रम आपल्याला झेपणारा नाही, असं मी वर कळवतो."

आता माझ्या जिभेवर एक उत्तर तयार होतं. अगदी तापलेलं. ते हेल्मेट सिलिंडरवर होतं, तर ज्याचं होतं तो माणूस शॉपमध्ये बिनहेल्मेटचा फिरत होता की नाही? मग मुलीने पकडलं ते काय चूक पकडलं? हे एक वाक्य मी बोलले असते तर साहेबांची बोलती बंद झाली असती. पोरगी बरोबर ठरली असती. सगळं गोड झालं असतं.

मी ते गिळलं. मला किती जड गेलं म्हणून सांगू! वादात हातचं उत्तर सोडणं माझ्या स्वभावात नाही. पण ते बोलले असते तर पल्लवीला काय कळलं असतं? की बरोबर निघालीस म्हणून वाचलीस. म्हणजे पुढच्या वेळी ती आधी खात्री करणार. माणूस आहे की नुसतं हेल्मेट, नीट बघणार, मग हात पसरणार. लोड डोक्यावरून जात असताना खात्री करायला वेळ नसतो. आणि खरं सांगायचं तर ती चुकलीच होती. माणूस नव्हता. चुकलेल्या पोरीची बाजू मला चुकलेली म्हणूनच घ्यायची होती.

"सॉरी नाही, सर," मी म्हटलं. "उलट पाहिजे. ज्याला थांबवलं त्याने थांबवणाऱ्याला थँक यू म्हणायचं. बरोबर निघो, चूक निघो."

"जगदीश थँक यू म्हणणार? त्या पोरीला?"

"म्हणायला काय जातं?"

"तुम्ही म्हणाल? उद्या तुम्हाला कुणी उगाच थांबवलं तर?"

"शंभर वेळा म्हणीन."

साहेब हसले. "पुढच्या शनिवारी मी स्वतः खाली येतो. मुलगी सॉरी म्हणाली तर ठीक, नाहीतर तो शेवटचा शनिवार." एवढं बोलून त्यांनी फोन उचलला.

मी जगदीश भैयांकडे गेले. ते हातमोजे झटकत होते. "मॅडम," ते म्हणाले, "इतकी वर्षं माझ्या हातावर लोड चालतो. आजवर कुणाला खरचटलं नाही. मी टाकीच्या मागे बघूनच सिग्नल दिला होता. आणि माझ्या सिग्नलवर ती लडकी हात हलवते, आणि मीच थँक यू म्हणू? रहने दो."

त्यांचंही चूक नव्हतं. त्यांना वाटलं, आपल्या नजरेवर भरवसा नाही.  ज्याचं हेल्मेट सिलिंडरवर होतं त्या महाशयांना मात्र मी त्याच संध्याकाळी शोधून काढलं आणि अस्सल नागपुरीत आंघोळ घातली.

साहेबांची सॉरीची अट मला शाळेला कळवावी लागली. दोन दिवसांनी शाळेतल्या बाईंचा फोन आला. पल्लवी म्हणतेय, मी शनिवारी येणार नाही. तब्येत बरी नसणार आहे, असं म्हणाली म्हणे. तब्येत आगाऊ बिघडवणारी पोरगी मी पहिल्यांदाच ऐकली.

सुट्टीच्या दिवशी मी शबनमला तिच्या घरून माझ्या स्कूटरवर घेतलं आणि पिपलानीत परत येऊन वानखेड्यांकडे गेले. शबनमला का घेतलं, तर मी एकटी गेले असते तर शेजारची काकू समजूत घालायला आली असंच झालं असतं. आणि मी समजूत घालायला लागले की फार बोलते.

वानखेडे वहिनींनी पोहे केले, वर शेव. वानखेडे भाऊजी पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "वहिनी, मी तिला सांगितलं, आपण तिथे पाहुणे. बघायचं आणि यायचं. नसत्या भानगडीत कशाला पडायचं? लोक हसतात."

"हसले ना सगळे," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी पोरगी जेवली नाही हो."

पल्लवी दाराला टेकून उभी होती. हात पाठीमागे. "काकू, टेन्शन नका घेऊ. ते सर म्हणतात तर मी सॉरी म्हणून टाकते. मामला खतम."

"आणि पुढच्या वेळी काही दिसलं तर?"

"पुढच्या वेळी मी हात बांधूनच उभी राहीन ना. सिंपल."

तिने ते अगदी शहाण्यासारखं सांगितलं. रडली असती, चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिने हिशेब करून टाकला होता. आणि मीच तिला तिथे नेलं होतं, आत्मविश्वास वाढावा म्हणून!

मी तोंड उघडणार इतक्यात शबनमने पोह्यांची बशी खाली ठेवली.

"सुन," ती पल्लवीला म्हणाली. "तूने हाथ दिखाया, मैंने रोक दी. मैंने पूछा था, क्यों?"

"नहीं, दीदी."

"क्यों नहीं पूछा, बता."

पल्लवीने माहीत नाही अशी मान हलवली.

"क्योंकि ऊपर से मुझे टंकी के पीछे का कुछ नहीं दिखता. कुछ भी नहीं. नीचे वाले जो दिखाते हैं, वही मैं देखती हूँ."

"पण दीदी, गलत निकला ना. आदमी था ही नहीं."

"तो? फिर से चला दी. क्रेन ही रोकी थी, किसी की शादी थोड़ी तोड़ दी."

वहिनींना हसू आलं. भाऊजीही हसले. पल्लवी हसली नाही. ती शबनमकडे एकटक बघत होती.

"सच में नहीं दिखता?" तिने विचारलं.

"रत्ती भर नहीं. तुम लोग हाथ बाँध के खड़े हो जाओगे, तो मैं केबिन से उतर जाऊँगी. अंधी होकर मुझे क्रेन नहीं चलानी."

 पल्लवीच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते सांगते. तिला आजपर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं की तू बोलायला शीक, तुझ्या भल्यासाठी. मीही तेच सांगत आले होते. हिच्या हाताची गरज दुसऱ्या कुणाला आहे, आणि तीही त्या काचेच्या केबिनमधल्या दीदीला, हे तिला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. मला मात्र भाषण करायची संधी मिळाली नाही. बरंच झालं.

"शनिवारी येशील?" निघताना मी विचारलं.

"बघते," ती म्हणाली. सॉरी म्हणणार की नाही, ते मी विचारलं नाही.

शनिवारी ती आली. मुलींच्या रांगेत अगदी कडेला उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. दुबे साहेब ठरल्याप्रमाणे खाली आले आणि खांबाशी उभे राहिले. जगदीश भैयांनी माझ्याकडे बघितलंच नाही. आणखी एक टाकी पेंटिंगला जायची होती. ती जाऊ दे, मग बोलू, असं साहेबांनी मला खुणेने सांगितलं. मग बोलू म्हणजे मग सॉरी.

जगदीश भैयांनी हात वर करून बोट गोल फिरवलं. टाकी जमिनीवरून सुटली.

 घाबरले की मी जास्त बोलते, आणि बोलताना मला एका जागी उभं राहता येत नाही. मी मुलींकडे तोंड करून सांगत सुटले. हे बघा स्लिंग, म्हणजे लोड बांधायचे तारेचे दोर. हे बघा, लोड जमिनीपासून थोडाच उचललाय, उगाच उंच न्यायचा नसतो. बोलत बोलत मी मागे सरकत होते, शाळेत बाई फळ्याकडे सरकतात तशी. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. टाकी पोचली की काय करायचं? पोरगी सॉरी म्हणाली तर? मी तिला थांबवू का? आणि थांबवलं तर कार्यक्रम गेला, बाकीच्या सगळ्या मुलींचा गेला.

एकदम क्रेनचा आवाज थांबला.

मी वळून बघितलं. टाकी बरीच लांब, शॉपच्या मधोमध, हलकी झुलत होती. जगदीश भैयांनी सिग्नल दिलेला नव्हता. तेही इकडे तिकडे बघत होते. मग मी मुलींकडे बघितलं.

पल्लवीचे हात पुढे आले होते. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, तळवे खाली, पंजे आत-बाहेर हलत होते. चेहरा पांढराफटक. ती टाकीकडे बघत नव्हती. माझ्या पायाकडे बघत होती.

मी खाली बघितलं. माझा एक बूट पिवळ्या रेषेच्या पलीकडे होता.

खरं सांगते, मला आधी राग आला. अस्सा राग! अगं बाई, टाकी कुठे, मी कुठे? एवढासा पाय तर गेलाय! इतकी वर्षं मी या शॉपमध्ये लोकांना रेषेच्या मागे ओढलं, आणि ही कालची पोरगी मला, साहेबांसमोर, सगळ्यांसमोर थांबवते? "काहून बाप्पा, दिसत नाही का तुला," इथपर्यंत शब्द ओठांवर आले. जगदीश भैयांना काय वाटलं असेल ते मला त्या क्षणी अगदी पुरतं कळलं.

खांबाशी दुबे साहेब उभे होते. ते हसत नव्हते. भुवया उंचावून वाट बघत होते. शंभर वेळा म्हणणार होते ना मी? मला एकदाही म्हणता येईना. 

मी पाय मागे घेतला. "थँक यू, पल्लवी," मी म्हटलं.

आवाज नीट निघाला नाही. म्हणून पुन्हा म्हटलं, शॉपच्या टोकाला ऐकू जाईल असं. "थँक यू."

वेल्डरांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. "आज मॅडम ही पकड़ी गयी!" हसू दे. या वेळी माझ्यावर हसले.

आता क्रेन पुन्हा सुरू व्हायची तर सिग्नल जगदीश भैयांनी द्यायचा होता. त्यांनी दिला नाही. टाकी तशीच लटकत ठेवून ते चालत मुलींच्या रांगेकडे आले आणि पल्लवीसमोर उभे राहिले.  आता हे तिला झापणार, आणि मी मध्ये पडले तर आणखी तमाशा.

"बेटी," ते म्हणाले, "ये क्या है? मुर्गी के पंख?"

पल्लवीचे पंजे थांबले. ते परत पाठीमागे निघाले होते.

"ना ना. नीचे नहीं करना." त्यांनी स्वतःचे दोन्ही हात बाजूला पसरले, पार बोटांच्या टोकांपर्यंत. "ऐसे. कोहनी चिपका के नहीं. वो इतनी ऊपर बैठी है, उसको दिखना चाहिए. उस दिन भी तूने आधा ही किया था. वो तो शबनम की नज़र तेज़ है. पूरा खोल."

पल्लवीने कोपरं थोडी सोडवली.

"और."

आणखी थोडी. ओढणी खांद्यावरून घसरली. ती सावरायला हात आत जाणार होता, तिने तो तसाच ठेवला.

"और. पूरा."

पल्लवीने हात पूर्ण पसरले. तिची बोटं शेजारच्या मुलीच्या तोंडाशी गेली. ती मुलगी बाजूला सरकली. मग तिच्या पलीकडची सरकली, आणि हळूहळू सगळी रांगच सरकली. जगदीश भैयांनी मान वर करून केबिनकडे बघितलं आणि ओरडून विचारलं, "अब दिखा?"

शबनमने क्रेनची घंटा वाजवली. एकदाच. ती घंटा लोड सुरू करताना वाजवतात. गप्पा मारायला वाजवायची नसते, पण त्या दिवशी सेफ्टी ऑफिसरने काही म्हटलं नाही. सेफ्टी ऑफिसरच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायच्या नादात ती पुन्हा रेषेकडे सरकत होती.

टाकी पेंटिंगला पोचली. दुबे साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, इन्स्पेक्टर परवा परत येतोय. त्या दिवशी निदान तुम्ही रेषेच्या मागे राहा." सॉरीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. वर त्यांनी काय कळवलं माहीत नाही, पण पुढच्या शनिवारी मुली आल्या आणि अजून येतात.

जगदीश भैयांनी पल्लवीला थँक यू म्हटलेलं नाही, आजपर्यंत नाही. पण नव्या मुली आल्या की खूण ते स्वतः शिकवतात. मला शिकवू देत नाहीत. म्हणतात, मॅडमना नीट जमत नाही.

पल्लवी आता बारावीत आहे. आवाज अजूनही तसाच, दोनदा "काय?" म्हणावं लागतं. फरक एवढाच की तिसऱ्यांदा विचारलं की ती "काही नाही" म्हणत नाही. पुन्हा सांगते, जरा वैतागून.

माझ्या कामात या प्रसंगाने दोन बदल झाले. खूण शिकवायच्या आधी मी मुलींना एकमेकींपासून लांब लांब उभं करते, कारण हात पसरायला आधी जागा लागते, हे पूर्वी माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि बोलताना मी मागे सरकत नाही.